साइटमॅपची ‘स्थिती’ विचारतो, तेव्हा नेमकं काय विचारतो?

साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांची यादी शोधयंत्राला देणारी फाइल. एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः साधनं वापरून करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, ‘साइटमॅपचं काय झालं, जरा बघ’ असं सांगितलं की तो सर्च कन्सोलच्या (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेच्या) एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रॅमना माहिती मागण्यासाठी असलेल्या सोयीकडे, विचारणा करतो. उत्तरात मोजकेच रकाने येतात: फाइल शेवटची कधी सादर झाली, गूगलने ती शेवटची कधी वाचली, काम प्रलंबित आहे का, चुका किती, इशारे किती, आत पत्ते किती. एवढ्यावरून एजंट दोन ओळींत निर्वाळा देऊन मोकळा होतो. हे रकाने असे का आहेत, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९९४मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी रोबोट्स.टीएक्सटीची कल्पना मांडली. ती होती साइटवर ठेवलेल्या एका फाइलमधून क्रॉलरला, म्हणजे शोधयंत्रासाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, ‘इकडे फिरकू नकोस’ असं सांगण्याची सोय. ‘इथे ये, ही पानंही आहेत’ असं सांगायची सोय व्हायला आणखी अकरा वर्षं गेली. तोवर क्रॉलर एका दुव्यावरून दुसऱ्यावर जायचा आणि ज्या पानाकडे कुठूनच दुवा नाही, ते त्याच्या गावीही नसायचं. डेटाबेसमधून पानं तयार करणाऱ्या साइट्स वाढल्या तशी ही अडचण बोचू लागली.

जून २००५मध्ये गूगलने ‘साइटमॅप्स’ आणलं. साधी एक्सएमएल फाइल: पानाचा पत्ता, ते शेवटचं कधी बदललं, किती वेळा बदलतं, किती महत्त्वाचं आहे. नोव्हेंबर २००६मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट सोबत आले आणि ०.९० ही सामाईक आवृत्ती ठरली. आजही प्रत्येक साइटमॅपच्या डोक्यावर ०.९ हाच आकडा दिसतो, १.० कधी आलीच नाही. २००७मध्ये रोबोट्स.टीएक्सटीत एक ओळ लिहून साइटमॅपचा पत्ता देण्याची सोय झाली. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते ही मर्यादा टिकून आहे. आकाराची मर्यादा मात्र २०१६मध्ये १० एमबीवरून ५० एमबी झाली.

पुढची कथा विश्वास उडत जाण्याची. महत्त्व ० ते १ या मापात लिहायचं होतं; साइटवाल्यांनी सरसकट १.० ठोकलं. वर्षानुवर्षं न हललेली पानं ‘रोज बदलतात’ म्हणून नोंदली गेली. शेवटी गूगलने हे दोन्ही रकाने वाचणंच सोडलं. बदलाची तारीख अजून वाचली जाते, पण ती सातत्याने खरी ठरत असेल तरच. (फाइल तयार होताना प्रत्येक पानावर आजची तारीख चिकटवणाऱ्या प्रणाली काही कमी नाहीत.) ‘फाइल बदलली’ असं कुणीही, ओळख न देता, कळवू शकेल अशी पिंगची सोयही होती. बिंगने ती २०२२मध्ये बंद केली. त्यातून येतो तो बहुतांशी स्पॅमच, असं म्हणत २०२३मध्ये गूगलनेही तिचा निरोप घेतला.

त्यामुळे आज स्थिती विचारायची तर मालकी सिद्ध केलेल्या खात्यातूनच. त्यातही एक मेख आहे. साइटमॅप फक्त रोबोट्स.टीएक्सटीत लिहिला असेल, तर गूगल तो वाचेल, पण कन्सोलच्या अहवालात तो दिसणार नाही. मग एजंट ‘साइटमॅप सापडला नाही’ म्हणतो आणि फाइल तर जागेवर असते.

२०२३मध्ये भाषा मॉडेलांना बाहेरची फंक्शन्स वापरता येऊ लागली, नोव्हेंबर २०२४मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला बाहेरच्या साधनांशी जोडण्याची सामाईक पद्धत) आला, आणि या एपीआयभोवती एजंटसाठी साधनं बांधणं सोपं झालं. पण रकाने जुनेच. सादर केलेल्या पत्त्यांच्या आकड्याशेजारी ‘इंडेक्स्ड’ (इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या शोधसूचीत, घेतलेली पानं) नावाचा आकडा आजही एपीआयच्या वर्णनात आहे, कालबाह्य, वापरू नका, अशा शेऱ्यासह. एका एजंटने मला बेधडक सांगितलं होतं, ‘१८० पैकी एकही पान इंडेक्समध्ये नाही.’ एपीआयचं कच्चं उत्तर मागवलं, तर त्याच रकान्यातलं शून्य त्याने उचललं होतं. शोधात पानं व्यवस्थित येत होती. तेव्हापासून मी निर्वाळ्याबरोबर कच्चं उत्तरही मागतो, आणि परवानगी फक्त वाचण्यापुरती देतो. फाइल सादर करणं किंवा काढून टाकणं त्याच्या हातात कशाला?

कन्सोलमधल्या ‘यशस्वी’ या शेऱ्याचा अर्थ फाइल मिळाली आणि वाचता आली, इतकाच. आतलं एखादं पान इंडेक्समध्ये आहे का, हे विचारायला २०२२पासून वेगळा यूआरएल इन्स्पेक्शन एपीआय आहे. त्याची मर्यादा एका साइटसाठी दिवसाला २,००० विचारणा. काठोकाठ भरलेला एक साइटमॅप पत्त्यागणिक तपासायचा, तर एजंट कितीही चपळ असो, २५ दिवस लागतात.