‘दुर्लक्ष कर’ म्हणजे नेमकं काय कर?

शाळा सुरू झाल्या की डिचोली-साखळीकडच्या घरांत हे हमखास घडतं. बालरथातून, म्हणजे गोव्यातल्या शाळेच्या बसमधून, उतरलेलं पोर दप्तर टाकून सांगतं, अमका रोज माझी बॅग ओढतो. आई म्हणते, “दुर्लक्ष कर.” मामा म्हणतो, “एक ठेवून दे.” आजी मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढते. यातला सगळ्यांत शहाणा वाटणारा सल्ला आईचा, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

१९६७ साली स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की टाळता न येणारे विजेचे झटके सोसलेला प्राणी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही पडून राहतो. याला ‘शिकलेली असहायता’ म्हणतात. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात. खरी गंमत पुढे आहे.

मायर यांनी नंतर उंदरांच्या जोड्या घेतल्या. दोघांच्या शेपटीला सारखेच झटके, एकाच वेळी. एकापुढे चाक; ते फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. दुसऱ्याच्या हाती काहीच नाही. वेदना तेवढीच, तरी नंतर बिनचाकाचा उंदीर भेदरलेला आणि सुस्त, चाकवाला बऱ्यापैकी ठणठणीत. मेंदूच्या देठात डॉर्सल रॅफे नावाचा पेशींचा पुंजका असतो. त्रास लांबला की तो सेरोटोनिन नावाचं रसायन भरमसाट सोडतो आणि प्राणी हातपाय गाळतो. चाकाचा उपयोग होतोय हे ओळखतो कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा खालचा-मधला भाग, आणि तोच रॅफेला आवरतो. आवरतो तेही आडवळणाने: त्याचे तंतू ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडून गाबा हे शमवणारं रसायन असलेल्या पेशींना चेतवतात आणि गाबामुळे सेरोटोनिनच्या पेशी थंडावतात. हा कॉर्टेक्सचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर उंदीर चाक फिरवतो, झटकाही थांबतो, पण पुढे तो वागतो असहाय उंदरासारखाच! उलट, आधी एकदा ताबा अनुभवलेला उंदीर नंतरच्या न टळणाऱ्या झटक्यांनीही कोलमडत नाही. मनाचा चिवटपणा म्हणतात त्याचा हा प्रयोगशाळेतला चेहरा. २०१६ साली मायर आणि सेलिगमन यांनी आपलाच सिद्धान्त उलटा केला: असहायता शिकावी लागत नाही, शिकावा लागतो तो ताबा.

उंदीर म्हणजे सहावीतलं पोर नव्हे, मान्य. पण ‘दुर्लक्ष कर’ म्हटल्याने पोराच्या हाती चाक येत नाही. ठाम वाक्याने येऊ शकतं. बॅग हातोहात मागच्या सीटकडे चालली असताना “का रे असं करतोस?” विचारलं की पुढची खेळी समोरच्याची, तो काहीतरी ठोकून देणार, सगळे हसणार. त्यापेक्षा “म्हजी बॅग दी. हें म्हाका चलचें ना.” चिडवणं कोकणीत, तर उत्तरही कोकणीत. शिवी नाही, विनवणी नाही. त्याने फाटे फोडले तर तेच वाक्य पुन्हा, तेवढ्याच आवाजात.

आणि ते घरी मोठ्याने घोकून घ्यायचं. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांच्या संशोधनानुसार तणावात नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं फार वाढली की प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ढेपाळतो आणि सवयीचं वागणं पुढे येतं. चपखल उत्तर त्या क्षणी सुचत नाही, रात्री पांघरुणात सुचतं.

कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ऐटीत उभं राहा, हार्मोन बदलतात, असं सांगणाऱ्या रील्स अजून फिरतात. हा दावा २०१० च्या एका प्रयोगातला; त्यातला हार्मोनचा परिणाम २०१५ च्या मोठ्या प्रयोगात दिसलाच नाही. दृष्टीच्या मिरच्यांनी निदान खोकला तरी येतो.

सुरुवातीला चिडवणं वाढूही शकतं. मिळणारी मजा अचानक आटली की माणूस आधी जास्त जोर लावतो. म्हणून दोन दिवसांत वाक्य फसलं असं ठरवू नये.

बघ्यांचंही शिक्षण हवं. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छळाच्या जवळजवळ ९० टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती जेमतेम पाचातल्या एका प्रसंगात. पण पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. शेजारच्या सीटवरच्यालाही “ताची बॅग ताका दी” एवढं म्हणता यायला हवं.

मारहाण, पैसे उकळणं, मोबाइलवर फोटो फिरवणं, इथे मात्र वाक्यावर विसंबू नका. बालरथाचा अटेंडंट, वर्गशिक्षक, मुख्याध्यापक. तिथे दाद लागली नाही तर १०९८, मुलांची हेल्पलाइन.