दुचाकीस्वाराची सुरक्षितता

दुचाकीस्वाराची सुरक्षितता : मोटारसायकल वा स्कूटर चालवणाऱ्याचा आणि मागे बसणाऱ्याचा अपघात टळावा, आणि टळला नाही तर इजा कमी व्हावी, यासाठीची साधने, वाहन चालवण्याची रीत आणि कायदे यांचा समावेश या विषयात होतो. मोटारीत बसलेल्याभोवती पत्र्याचा सांगाडा असतो. दुचाकीवरून पडणाऱ्याच्या अंगावर जे असेल तेवढाच त्याचा आडोसा. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत दगावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४५ टक्के, दुचाकीवर होत्या. त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती.

हेल्मेटचा शास्त्रीय विचार एका मृत्यूमुळे सुरू झाला. अरबस्तानातील कामगिरीमुळे गाजलेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी मरण पावले; त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या हेल्मेटची रचना मात्र अमेरिकेतील सी. एफ. लोम्बार्ड यांच्या १९५३ च्या पेटंटपासून रुळली. बाहेरचे कठीण कवच डोळ्यांत भरत असले, तरी मुख्य काम त्याच्या आतला, थर्मोकोलसारखा दिसणारा पॉलिस्टायरिनचा थर करतो. डोके आपटताच तो चिरडतो आणि डोके एकदम न थांबता क्षणाचा काही अंश उशिरा थांबते. मेंदू वाचतो तो या उशिरामुळे. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, कवचावर ओरखडाही नसला तरी, बाद समजावे लागते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार (वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचे असून पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. याच कलमात हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असावे असे म्हटले आहे, आणि व्यवहारात नेमके तेच निसटते : बक्कल न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्यात डोक्यावरून उडते आणि स्वार उघड्या डोक्याने रस्त्यावर आदळतो. पट्टा लावल्यावर मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढावे. ते निघून हातात आले, तर माप चुकले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १,००० रुपये झाला आणि परवाना तीन महिने अपात्र ठरवण्याची तरतूद आली. जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीस्वारांचे हेल्मेट विकता येत नाही, तरी रस्त्याकडेच्या टोपीवजा हेल्मेटांना गिऱ्हाईक आहेच. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता. मान दुखते, मागचे ऐकू येत नाही, शहरात वेगच नसतो, ही तिथली नेहमीची कारणे. त्यांपैकी शेवटचे सर्वांत लंगडे आहे, कारण उभ्या गाडीवरून डांबरावर पडलेले डोकेही फुटू शकते.

अपघात टाळण्यात ब्रेकचा वाटा मोठा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर सरते. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, ही सायकलच्या दिवसांपासून मनात बसलेली भीती अनेकांना केवळ मागच्या ब्रेकवर विसंबायला लावते. वास्तविक ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येत असल्याने थांबवण्याची बरीच ताकद तिथेच असते. चाक जखडून गाडी घसरू नये म्हणून एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (अँटी-लॉक ब्रेक व्यवस्था) सक्तीचे झाले, तर लहान गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था आवश्यक ठरली. एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाही पेटलेला असतो, जेणेकरून समोरच्याला दुचाकी लवकर दिसावी. तरीही समोरून येणारे भले लोक मूठ उघडमीट करून ‘लाईट चालू आहे’ असे खुणावत राहिले.

मागे बसणाऱ्याची ओढणी किंवा पदर चाकात अडकून गंभीर अपघात होतात. म्हणूनच मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे आवरण, ज्याला दुकानदार साडी गार्ड म्हणतात, नियमानेच आवश्यक आहे. चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा आणि अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम २०२३ पासून लागू आहे.

महाराष्ट्रातील काही धोके हंगामी आहेत. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल वर येते आणि डांबर निसरडे होते. कोल्हापूर, सांगलीकडे गळीत हंगामात मागे दिवा वा परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली रात्री रस्त्याकडेला उभी असली, की समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतामुळे ती अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजा गळ्यात अडकतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली असली, तरी या दिवसांत अनेक जण गळ्याभोवती मफलर गुंडाळतात किंवा हँडलवर तारेची कमान बसवून घेतात.