गिटचा रेपो आपल्याच मशीनवर का असतो?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि तो इतिहास जिथे राहतो तो रेपो. रिकाम्या फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ टाइप केलं की रेपो तयार. सर्व्हर नको, लॉगिन नको, कुणाची परवानगीही नको. यातली परवानगीची गोष्ट सुटायला मात्र तीसेक वर्षं गेली.

बेल लॅब्समध्ये १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी अशाच कामासाठी एससीसीएस लिहिलं. त्यानंतर १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. दोन्ही एकाच मशीनवर चालणारी आणि प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा ठेवणारी. एकाने फाइल लॉक केली की बाकीच्यांनी थांबायचं.

ॲमस्टरडॅममधले प्राध्यापक डिक ग्रून दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि स्वतः ग्रूनना फक्त संध्याकाळ मोकळी. लॉक सुटायची वाट कोण बघणार? म्हणून त्यांनी आरसीएसवर शेल स्क्रिप्ट (कमांड ओळीने चालवणाऱ्या फाइली) रचल्या आणि १९८६ मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. हेच सीव्हीएस. पुढे ओपन सोर्सचा बराच संसार त्यावर चालला, २००४ मध्ये त्याच धर्तीचं सबव्हर्जन १.० आल्यावर त्यावरही. पण इतिहास राहायचा सर्व्हरवर आणि कमिटचा, म्हणजे बदल नोंदवायचा, हक्क मोजक्यांकडे. बाहेरच्या माणसाने महिनाभर खपून काम केलं, तरी त्याची एकेक पायरी त्या रेपोत नोंदवायची सोय त्याला नव्हती. शेवटी एक पॅच, म्हणजे सगळ्या बदलांची एक फाइल, पाठवायचा, बस्स.

लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, तर सीव्हीएस कधी जवळच केलं नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ईमेलने आलेले पॅच स्वतः लावत. २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर हे साधन घेतलं. यात प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असे, पण ते कंपनीच्या मालकीचं होतं. फुकट वापरायचं तर तुम्ही स्पर्धक साधनावर काम करायचं नाही, अशी अट. खुल्या प्रकल्पाला हे कितपत शोभतं, यावर वाद धुमसत राहिला. प्रोग्रॅमर अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि २००५ च्या एप्रिलमध्ये फुकट परवान्याची सोय बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. (तेच बिटकीपर २०१६ मध्ये ओपन सोर्स झालं. तोवर कुणाला त्याची गरज उरली नव्हती.)

टोरवाल्ड्स यांनी मोनोटोन हे दुसरं साधन पाहिलं. कल्पना पटल्या, पण वेग नाही. ३ एप्रिलला त्यांनी गिट लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ आवृत्ती गिटवरून निघाली, आणि जुलैत गिटची सूत्रं जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. त्याच एप्रिलमध्ये, त्याच कारणाने, ऑलिव्हिया मॅकॉल यांनी मर्क्युरियल हे तशाच प्रकारचं साधन सुरू केलं. तेही चांगलंच होतं.

नव्या मशीनवर पहिल्या कमिटआधी गिट नाव आणि ईमेल मागतं, याचं मूळही इथेच आहे. ओळखणारा सर्व्हर नाही, म्हणून तुम्ही सांगाल ते नाव. ते खरं की खोटं, हे गिट तपासत नाही. त्यासाठी कमिटवर वेगळी डिजिटल सही करावी लागते. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा अशी दोन नावं असतात, कारण कर्नलमध्ये पॅच लिहिणारा एक आणि ईमेलमधून उचलून तो लावणारा दुसराच असे.