प्रतिजैविक रोध : आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि ग्रामीण विदर्भ

जिवाणू, विषाणू, बुरशी आणि परजीवी यांच्यावरची औषधे त्यांना मारेनाशी किंवा रोखेनाशी होतात, त्या अवस्थेला प्रतिसूक्ष्मजीव रोध म्हणतात. त्यातला जिवाणूंपुरता भाग म्हणजे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) रोध. रोजच्या बोलण्यात 'गोळी लागू पडत नाही' किंवा 'जंतू औषधाला दाद देत नाही' असे म्हणतात. यातले दुसरे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनेही नेमके आहे. औषधाला सरावतो तो जंतू, रोग्याचे शरीर नव्हे. म्हणून ज्याने आयुष्यात कधी प्रतिजैविक घेतले नाही, त्यालाही सरावलेल्या जंतूची लागण होऊ शकते. एका देशाने कितीही काळजी घेतली तरी हे संकट त्याला एकट्याला आवरत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ, सरकारे, औषध कंपन्या आणि सेवाभावी संस्था यांनी गेल्या दशकभरात जगभर एक जाळे विणले आहे. विदर्भातली खेडी या जाळ्याच्या टोकाला आहेत असे वरवर वाटते; प्रत्यक्षात त्यातले काही महत्त्वाचे धागे इथूनच निघालेले आहेत.

विदर्भातल्या कापूस उत्पादकाला रोध म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारा कापूस, २००२ मध्ये आला; दोन जनुकांचे, म्हणजे दोन विषांचे, वाण २००६ मध्ये. काही वर्षे बोंडअळी आटोक्यात राहिली. पुढे गुलाबी बोंडअळी दोन्ही विषांना सरावली आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ व आसपासच्या जिल्ह्यांत बोंड फोडावे तर आत अळी, अशी गत झाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी मिळत असे. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे काही अळ्या विष न खाता वाढतील, त्यांच्या पतंगांचा सरावलेल्या पतंगांशी संकर होईल आणि सरावलेली पिढी मातणार नाही, असा हिशेब होता. बहुतेक ठिकाणी ती लावलीच गेली नाही. जंतूंचेही असेच चालते, पण वेग फार मोठा. बोंडअळीला एका पिढीला आठवडे लागतात; कित्येक जिवाणू पोषक परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. शिवाय जिवाणूंच्या पेशीत प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळे असतात आणि रोधाचे जनुक त्यांवर बसून एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जाते. बोंडअळी आपली ताकद तुडतुड्याला देऊ शकत नाही. जिवाणू देतो.

तो सीमाही ओलांडतो. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जातीचा जिवाणू सापडला. कार्बापेनेम गटाची, म्हणजे शेवटच्या फळीतली, औषधे निकामी करणारे विकर (एन्झाइम) त्याच्यात होते. त्या रुग्णावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या विकराच्या नावात नवी दिल्ली आली. शहराचे नाव असे चिकटल्याचा राग भारतात बराच काळ धुमसत होता. तो समजण्यासारखा होता, पण ते विकर बनवणारे जनुक खरे होते. २०१५ च्या अखेरीस चीनमध्ये डुकरांच्या जिवाणूंत कोलिस्टिन या शेवटच्या आधाराच्या औषधाला न जुमानणारे, प्लाझ्मिडवरून पसरणारे जनुक सापडले, आणि थोड्याच काळात इतर देशांच्या जुन्या नमुन्यांतही ते दिसले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या रोधामुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता.

सहकार्याची घडण

प्रतिजैविकांचा धंदा उलट्या गणितावर चालतो. मधुमेहाची गोळी रोगी जन्मभर घेतो, प्रतिजैविक पाच-सात दिवस. आणि नवे, जोरकस प्रतिजैविक बाजारात आले की शहाणा डॉक्टर ते कपाटात राखून ठेवतो. समाजाच्या दृष्टीने हे योग्यच, पण कंपनीचा माल पडून राहतो. अमेरिकेतल्या अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषध चांगले होते, विक्री नव्हती. मोठ्या कंपन्यांनी हे क्षेत्र एकामागून एक का सोडले, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे.

ही पडझड थांबवण्यासाठी वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे हात लागले. बॉस्टन विद्यापीठातून चालणारा कार्ब-एक्स (२०१६) अगदी सुरुवातीच्या संशोधनाला पैसा देतो. बंगळूरूच्या बगवर्क्स या कंपनीला त्यातून मदत मिळाली आणि तिथलीच सी-कॅम्प ही संस्था कार्ब-एक्सची सहयोगी आहे. त्याच वर्षी दावोस इथे ऐंशीहून अधिक कंपन्यांनी रोधाशी लढण्याचा संयुक्त जाहीरनामा काढला. जुलै २०२० मध्ये वीसहून अधिक औषध कंपन्यांनी सुमारे एक अब्ज डॉलरचा निधी उभारला. २०३० पर्यंत दोन ते चार नवी प्रतिजैविके रुग्णांपर्यंत नेणे हे त्याचे ध्येय. ब्रिटनने २०२२ पासून दोन औषधांसाठी वर्गणीची पद्धत सुरू केली. औषध किती खपले याच्याशी संबंध न ठेवता कंपनीला ठराविक वार्षिक रक्कम मिळते.

या सगळ्यांत ग्रामीण विदर्भासारख्या भागाच्या सर्वांत जवळची संस्था म्हणजे गार्डपी. जागतिक आरोग्य संघटना आणि दुर्लक्षित रोगांवरील औषधांसाठी काम करणारी डीएनडीआय यांनी ती २०१६ मध्ये स्थापन केली. औषध शोधणे आणि ते गरिबांना मिळणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मानून ती चालते. जपानच्या शिओनोगी कंपनीचे सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांना मिळावे म्हणून गार्डपीने २०२२ मध्ये करार केला आणि पुढच्या वर्षी चेन्नईच्या ऑर्किड फार्माला ते बनवण्याचा परवाना दिला. याची निकड किती, हे गार्डपीच्याच २०२५ मधील अभ्यासातून दिसते. भारतासह आठ देशांत २०१९ साली कार्बापेनेमला न जुमानणारे जे गंभीर संसर्ग झाले, त्यांपैकी फक्त ६.९ टक्के रुग्णांना योग्य औषध मिळाले. भारतात हे प्रमाण ७.८ टक्के होते. रोधाची चर्चा नेहमी अतिवापरापासून सुरू होते. हा आकडा दुसरी बाजू दाखवतो, आणि ती तितकीच जीवघेणी आहे.

सरकारांच्या पातळीवर जागतिक आरोग्य संघटनेचा कृती आराखडा २०१५ चा, भारताचा पहिला राष्ट्रीय आराखडा २०१७ चा. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी रोधाशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. माणसांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के 'पहिल्या फळीच्या' गटातली असावीत, हेही ठरले. हे गट जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये पाडले : पहिल्या फळीत वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्यात, अझिथ्रोमायसिन व सेफिक्झिम दुसऱ्यात, कोलिस्टिन तिसऱ्यात.

विदर्भाने दिलेले

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८५ च्या सुमारास 'सर्च' ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया होते आणि त्यावरचे को-ट्रायमोक्झाझोल हे स्वस्त प्रतिजैविक उपलब्ध होते. गावात नव्हता तो निदान करणारा माणूस. न्यूमोनिया झालेले मूल भराभर श्वास घेते. मिनिटाला किती, हे मोजले की बरेचसे निदान होते. पण मोजणाऱ्या दाईला आकडे येत नसत. म्हणून एक साधे यंत्र बनवले गेले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत खुणेचा मणी सरकला, तर मुलाला औषध द्यायचे. नाही सरकला, तर द्यायचे नाही. त्या कामाचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये १९९० साली आले. प्रतिजैविकाचा जबाबदार वापर यावर आज जगभर परिषदा भरतात. त्याची सर्वांत नेटकी रीत माझ्या मते या मण्यांत आहे, कारण 'नाही सरकला तर द्यायचे नाही' हा नियम लिहिता-वाचता न येणारी बाई पाळू शकत होती.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. आरोग्यदूत बाया घरोघर जाऊन बाळाचे वजन घेत, ऊब तपासत, आणि जंतुदोषाची ठरलेली लक्षणे दिसली व आईबाप दवाखान्यात नेऊ शकत नसले, तर जेंटामायसिनची सुई आणि तोंडाने को-ट्रायमोक्झाझोल देत. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले आणि घरच्या घरी नवजात काळजीची ही पद्धत पुढे देशभर आशाताईंच्या कामात आली. आज त्याच जेंटामायसिनला न जुमानणारे जिवाणू रुग्णालयांच्या नवजात कक्षांत आढळतात. गार्डपी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१८ ते २०२० या काळात भारतासह अकरा देशांतल्या ३,२०० बाळांची निरीक्षणे केली आणि त्यावर बेतून बाळांसाठी औषधांच्या नव्या जोड्यांची चाचणी सुरू केली. गडचिरोलीने जिथे काम आणून ठेवले, तिथून पुढचा हा टप्पा आहे.

नागपूर परिसराचाही असाच सहभाग आहे. बाळंतपणाच्या वेळी आईला अझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस दिला तर काय होते, याची सात देशांतली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आठ केंद्रांपैकी एक नागपूर होते. एकूण २९,२७८ स्त्रिया सहभागी झाल्या. आईला जंतुदोष होणे किंवा तिचा मृत्यू होणे हे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ वर आले. बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. पण अझिथ्रोमायसिन 'जपून वापरायच्या' गटातले. सरसकट प्रत्येक बाळंतिणीला ते द्यावे का, हा प्रश्न त्यामुळे सोपा राहत नाही. आईचा जंतुदोष टळतो हे सिद्ध झाल्यावर मात्र खेड्यातल्या बाईला ते नाकारायला फार भक्कम कारण लागेल.

सेवाग्रामचे काम वेगळ्या प्रकारचे आहे. तिथली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) ही देशातल्या ग्रामीण भागातली पहिली वैद्यकीय शिक्षणसंस्था. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या रोध-सर्वेक्षण जाळ्यातल्या रुग्णालयांत ती आहे. या कामाचा गाभा म्हणजे एक काचेची थाळी. रुग्णाच्या नमुन्यातला जिवाणू थाळीतल्या खळीसारख्या थरावर सारवतात, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवतात आणि रात्रभर ऊब देतात. सकाळी काही टिकल्यांभोवती स्वच्छ कडे पडलेले असते, म्हणजे तिथे जंतू वाढू शकला नाही. काहींभोवती काहीच नसते. जंतू टिकलीला अगदी चिकटून वाढलेला असतो. ते कडे मिलिमीटरमध्ये मोजायचे. मोजायची रीत सगळीकडे सारखी, म्हणूनच वर्ध्याचा आकडा वेल्लोरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

मेडिकल, गोठा आणि फवारा

भारतात खासगी बाजारात २०१९ साली सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी होती, असे २०२२ च्या एका अभ्यासात दिसले. एकूण वापरात 'जपून' गटाचा वाटा ५४.९ टक्के, पहिल्या फळीचा २७ टक्के. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या ७० टक्क्यांपुढे हा आकडा ठेवला की अंतर कळते. जोरकस प्रतिजैविके मार्च २०१४ पासून एच-१ सूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, दिली की वहीत नोंद करायची आणि वही तीन वर्षे जपायची. पाकिटावरची लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण. तरीही गावच्या मेडिकलवर 'ताप आहे, काहीतरी पावरचं द्या' म्हणून तीन गोळ्या मिळतात. यात गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. डॉक्टरची फी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांपुढे तीन गोळ्या स्वस्त असतात.

गोठ्यातली कथा थोडक्यात अशी. गाईम्हशींना दगडी, म्हणजे कासदाह, झाला की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. त्यानंतर ठरलेले दिवस ते दूध विकू नये, हे अनेकदा सांगितलेच जात नाही. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी कोलिस्टिन मिसळले जाई. माणसाच्या शेवटच्या आधाराचे हे औषध. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली.

फवाऱ्याकडे मात्र फार कमी लोकांचे लक्ष जाते. कृषी केंद्रात स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी मिळते. कापसावरचा जिवाणूजन्य करपा आणि लिंबावरचा खैऱ्या यांसाठी दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम, सोबत ताम्रयुक्त बुरशीनाशक, हे प्रमाण शेतकऱ्यांना पाठ आहे. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते. १९४३ मध्ये शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक, हे पुडी फोडणाऱ्याला कोणी सांगत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या या वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा काढला.

जवळचे निदान

आंतरराष्ट्रीय सहकार्याचा बराचसा पैसा नव्या औषधांवर जातो. ग्रामीण विदर्भातून पाहता खरी अडचण त्याच्या आधीची आहे : हा ताप प्रतिजैविकाने बरा होणारा आहे की नाही, आणि असला तर कोणत्या, हे गावाजवळ कळत नाही. या दिशेने ब्रिटनने लाँजिट्यूड पारितोषिक ठेवले होते. दहा वर्षांच्या स्पर्धेनंतर जून २०२४ मध्ये ते लघवीच्या संसर्गावरील एका चाचणीला मिळाले. जिवाणू आहे का आणि कोणते औषध लागू पडेल, हे ती पाऊण तासात सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर असे यंत्र यायचे आहे. तोवर कापूस वेचणारी बाई लघवीच्या जळजळीसाठी नमुना द्यायला तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाते, एक दिवसाची मजुरी सोडते, आणि अहवाल दोन-तीन दिवसांनी मिळेल असे ऐकून परतते. वेचणीचे दिवस थोडे असतात. अहवाल आणायला ती पुन्हा जातेच असे नाही. संध्याकाळी मेडिकलवरून तीन गोळ्या आणते.