जपानमधली जुनी स्पोर्ट्‌स कार ब्रिटनमध्ये आणायची आहे? आधी तिचं वय मोजा

लिलावाच्या यादीत १९९५ ची निसान स्कायलाइन दिसली, की माणूस आधी किंमत बघतो. मग रंग, मग किलोमीटर. वय बघतो तेही 'किती जुनी झाली' एवढ्यापुरतंच. पण ब्रिटनमध्ये स्वतःसाठी गाडी आणताना कर किती भरायचा, कोणती तपासणी करायची आणि कोणते कागद जोडायचे, हे बहुतांशी गाडीच्या वयावरूनच ठरतं. म्हणून बोली लावण्याआधी चार आकडे लक्षात घ्यायचे: ३, १०, ३० आणि ४०.

गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोंदणीआधी एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची तपासणी, पास व्हावी लागते. दहा वर्षांपेक्षा जुन्या प्रवासी गाडीला आयव्हीए ही स्वतंत्र मान्यता-चाचणी लागत नाही. तीस वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्थितीतली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून अत्यल्प करात येऊ शकते. चाळीस वर्षांनंतर रोड टॅक्स शून्य होतो, आणि गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीतूनही सूट मिळते.

यातली दहाची पायरी हलक्यात घेऊ नका. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाडीला ब्रिटनची मान्यता असेलच असं नाही. आठ वर्षांची गाडी आणली तर प्रकाशदिवे, धूर, आवाज, आरसे, सीटबेल्टचे आधार अशी प्रत्येक बाब चाचणीत सिद्ध करत बसावं लागतं. घाई नसेल तर दहा वर्षं उलटलेलीच गाडी शोधावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

वय मोजताना जपानी सनावळीचा गोंधळ होतो. लिलावाच्या कागदावर १९९५ असं लिहिलेलं नसतं, हेइसेई ७ असतं. हेइसेई वर्षात १९८८ मिळवले की इसवी सन येतं. शोवा असेल तर १९२५ मिळवायचे आणि २०१९ पासूनच्या रेइवा वर्षात २०१८. म्हणजे शोवा ६० ची गाडी १९८५ ची. आणखी एक बारकावा आहे. जपानी कागदावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, कारखान्यातून बाहेर पडल्याचा नसतो. गाडी शोरूममध्ये काही महिने उभी राहिली असेल तर दोन्ही तारखा वेगळ्या पडतात. तिशीच्या उंबरठ्यावरच्या गाडीला हा फरक महागात पडू शकतो, किंवा फायद्याचाही ठरतो. त्यामुळे चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना सांगणारा पुरावा मिळत असेल तर तो आधीच मिळवून ठेवा.

खरेदी आणि लिलावाचा कागद

जपानमधले मोठे गाडी-लिलाव फक्त सभासद व्यापाऱ्यांसाठी असतात. बाहेरच्या माणसाला निर्यातदार एजंटमार्फतच बोली लावावी लागते. तुमच्या हाती येतो तो तपासनिसाने भरलेला एक पानी कागद. त्यावर एकूण श्रेणी असते: ५ किंवा ४.५ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे चांगली, ३.५ म्हणजे वापरल्याच्या खुणा स्पष्ट दिसणारी. 'आर' किंवा 'आरए' दिसलं तर गाडीच्या सांगाड्याची दुरुस्ती झाली आहे. शेजारच्या आकृतीत 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्त करून रंगवलेला भाग, 'एस' म्हणजे गंज आणि 'डबल एक्स' म्हणजे बदललेला भाग. त्यापुढचा आकडा वाढत जाईल तसं नुकसान मोठं.

'आर' पाहून लोक घाबरतात, पण माझ्या मते खालच्या पत्र्याचा गंज जास्त वाईट. उत्तर जपानमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं. तिथे वापरलेली गाडी वरून चकचकीत असली तरी खालून कुरतडलेली निघू शकते. एमओटीचा तपासनीस गाडी उचलून नेमकं तेच बघतो. खालून काढलेले फोटो मागा, आणि एजंट देत नसेल तर ती गाडी सोडून द्या.

ज्याच्यावाचून सगळं अडतं तो कागद

गाडी देशाबाहेर जाण्याआधी जपानी वाहतूक कार्यालयात तिची नोंदणी रद्द होते आणि निर्यातीसाठीचा दाखला मिळतो. ब्रिटनमध्ये गाडीचं वय आणि ओळख सिद्ध करणारा मुख्य पुरावा तोच. त्यावर पहिल्या नोंदणीचा महिना, मॉडेलचा कोड, चासी नंबर, इंजिनाचा प्रकार आणि क्षमता असते. शाकेन या सक्तीच्या जपानी तपासणीच्या वेळी नोंदवलेले किलोमीटरही सहसा त्यावर असतात. मीटर मागे फिरवलाय का, हे ओळखायला तो आकडा फार उपयोगी पडतो.

जुन्या जपानी गाड्यांचा चासी नंबर सतरा अक्षरांचा नसतो. बीएनआर३४, जेझेडए८०, एफडी३एस असा मॉडेलचा कोड, मधे आडवी रेघ आणि पुढे अनुक्रमांक, एवढाच असतो. सतरा खाने भरण्यासाठी मागेपुढे शून्यं घालू नका. दाखला, विक्रीची पावती, कस्टमचा अर्ज, विमा, एमओटी आणि नोंदणीचा अर्ज या सगळ्यांवर तो अक्षर न अक्षर सारखा हवा. गाडी बंदरात उतरली की बॉनेट उघडून पत्र्यावर कोरलेला नंबर स्वतः वाचा आणि दाखल्याशी ताडून बघा. इंजिन बदललेलं असेल तर तेही इथेच कळतं. गाडीतला दोष गॅरेजमध्ये दुरुस्त होतो, पण दाखल्यावरची चूक सुधारायला पुन्हा जपानपर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो.

दाखल्यासोबत इंग्रजी भाषांतर, विक्रीची पावती आणि जहाजाचं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची पावती, एजंटकडून मागून घ्या. सगळ्याच्या स्कॅन प्रती ठेवा, कारण नोंदणीच्या वेळी मूळ दाखला पाठवावा लागतो आणि तो परत येत नाही.

बंदर, कर आणि १४ दिवस

गाडी कार वाहून नेणाऱ्या जहाजातून चालवत चढवून आणता येते किंवा कंटेनरमधून. पहिला मार्ग सहसा स्वस्त, पण त्यात गाडी चालू स्थितीत असावी लागते आणि आत सुटे भाग भरून पाठवता येत नाहीत. साउथॅम्प्टन आणि ब्रिस्टलजवळचं पोर्टबरी ही अशा गाड्यांची ओळखीची बंदरं आहेत. कस्टमचं काम बहुतेक जण एजंटला देतात, आणि ते योग्यच आहे.

सर्वसाधारण हिशेब असा. गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर १० टक्के सीमाशुल्क. त्या दोन्हींच्या बेरजेवर २० टक्के व्हॅट. समजा गाडी २०,००० पौंडांची आणि भाडं-विमा २,००० पौंड. सीमाशुल्क २,२०० झालं. मग २४,२०० वर व्हॅट ४,८४०. एकूण कर ७,०४० पौंड. बंदरातले काही खर्चही व्हॅटच्या रकमेत धरले जातात, ते वेगळे.

आता हीच गाडी तीस वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्थितीतली आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची असेल तर सीमाशुल्काच्या वर्गवारीतल्या ९७०५ या शीर्षकाखाली संग्राह्य वस्तू म्हणून तिचा दावा करता येतो. त्यात सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट ५ टक्के. २२,००० वर फक्त १,१०० पौंड. म्हणजे ५,९४० पौंडांचा फरक, आणि तोही काही महिन्यांच्या वयावरून पडू शकतो!

मात्र 'मूळ स्थितीतली' हे शब्द नीट वाचा. चासी, स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन यांत मोठे बदल झालेले असतील तर दावा अडकतो. जपानी स्पोर्ट्‌स कार हौसेने ट्यून केलेल्या असतात. मोठा टर्बो, उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन आणि दुसरंच इंजिन बसवलेली गाडी तीस वर्षांची असली तरी या सवलतीत बसेल असं गृहीत धरू नका. दुरुस्ती आणि पुनर्बांधणी चालते, रूपांतर चालत नाही. मूळ भाग सोबत मिळत असतील तर थोडे पैसे जास्त देऊन घ्यावेत.

ब्रिटन आणि जपानमधला व्यापार करार १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. पण त्यातली शुल्क-सवलत गाडी जपानी आहे म्हणून आपोआप लागत नाही, तिला मूळ देशाचा रीतसर पुरावा लागतो. जुन्या गाडीच्या विक्रेत्याकडे तो असेलच असं नाही. एजंटशी हे आधी बोला.

जपानमध्ये राहून ब्रिटनला स्थलांतर करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनबाहेर सलग बारा महिने राहिलेला असाल, आणि गाडी किमान सहा महिने तुमच्या मालकीची व वापरात असेल, तर स्थलांतराच्या सवलतीखाली सीमाशुल्क आणि व्हॅट दोन्ही माफ होऊ शकतात. त्यासाठीचा अर्ज आधी मंजूर करून घ्यायचा असतो, आणि पुढचे बारा महिने गाडी विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

गाडी देशात आल्यापासून १४ दिवसांच्या आत ब्रिटनच्या कर खात्याला नोव्हा या पद्धतीने कळवावं लागतं. कर भरला म्हणजे हेही झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ही वेगळी सूचना आहे आणि ऑनलाइन देता येते. उशीर झाला तर दिवसाला ५ पौंड दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे, नोव्हाची नोंद पूर्ण नसेल तर नोंदणी खातं अर्ज पुढे सरकवत नाही. एजंट हे करणार आहे की तुम्ही, ते लेखी ठरवा.

तपासणीसाठी गाडीत काय बदलायचं

ब्रिटन आणि जपान दोन्हीकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे हेडलाइट सहसा बदलावे लागत नाहीत. अडतं ते मागच्या फॉग लॅम्पवर. १ एप्रिल १९८० नंतरच्या गाडीला ब्रिटनमध्ये मागे निदान एक लाल फॉग लॅम्प लागतो, मधोमध किंवा उजव्या बाजूला. जपानमध्ये त्याची सक्ती नसल्याने बहुतेक गाड्यांत तो नसतोच. नुसता दिवा बसवून भागत नाही, डॅशबोर्डवर तो चालू असल्याचं दाखवणारा छोटा दिवाही हवा.

स्पीडोमीटर ताशी मैल दाखवणारा करून घ्यावा लागतो. जपानी बाजारातल्या गाड्यांचा काटा बहुधा १८० किलोमीटरला थांबतो. एकूण अंतराचा आकडा मात्र किलोमीटरमध्ये राहिला तर एमओटीवर 'किलोमीटर' असंच नोंदवलं गेलंय ना, ते बघा. एकदा मैल म्हणून लागलेली नोंद पुढच्या खरेदीदाराला संशयास्पद वाटते.

नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. अपवाद आधी वेळ ठरवलेल्या तपासणीला नेण्या-आणण्याचा, आणि तेव्हाही चासी नंबरवर काढलेला विमा हवा. एमओटीही चासी नंबरवरच होते. आयात गाडीला प्रत्येक विमा कंपनी तयार होत नाही, म्हणून गाडी समुद्रात असतानाच विचारपूस सुरू करा.

नोंदणीचा अर्ज

वापरलेल्या गाडीसाठी अर्ज व्ही५५/५ हा आहे. व्ही५५/४ नव्या गाडीचा, त्यात गल्लत होते. अर्जासोबत मूळ निर्यात दाखला, एमओटी, लागू असेल तर मान्यता-चाचणीचा पुरावा, तुमच्या ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, नोंदणी शुल्क ५५ पौंड आणि गाडीला लागू असलेला रोड टॅक्स असं सगळं डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याच्या स्वान्सीतल्या कार्यालयात टपालाने जातं. भाषांतर आणि विक्रीची पावतीही सोबत ठेवावी. लिफाफा साध्या टपालात टाकू नका, पोच मिळणारं टपाल वापरा. उत्तर आयर्लंडमध्ये जकातीचे आणि तपासणीचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत. वरची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरती धरा.

सगळं जुळलं तर गाडीच्या वयाला साजेसा नंबर मिळतो. मार्च १९९५ ची असेल तर 'एम' ने सुरू होणारा, ऑगस्टनंतरची असेल तर 'एन' ने. वय किंवा ओळख पटली नाही तर 'क्यू' ने सुरू होणारा नंबर माथी बसतो, आणि तो विकताना नडतो. व्ही५सी हे नोंदणी पुस्तक यायला काही आठवडे लागतात. ते आलं की नंबर प्लेट बनवायला टाका. जपानी गाडीची मागची खाच आखूड असते, त्यामुळे ब्रिटिश लांब प्लेट बसत नाही आणि दोन ओळींची करावी लागते.

लंडनमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट गाडी घेण्याआधीच तपासावी. २९ ऑगस्ट २०२३ पासून प्रदूषण-शुल्काचं क्षेत्र शहराच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे प्रभागांमध्ये, पसरलं आहे. पेट्रोल गाडी युरो ४ या युरोपीय प्रदूषण-मानकाच्या पातळीची नसेल तर चालवल्याच्या प्रत्येक दिवसाला १२.५० पौंड लागतात. जपानी गाडीच्या कागदावर युरो पातळी लिहिलेलीच नसते, आणि नव्वदच्या दशकातल्या टर्बो गाडीकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. चाळीस वर्षं पूर्ण होऊन गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदली गेली की मात्र हे शुल्क लागत नाही.

आणि रेडिओ. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होतो आणि जुन्या सेटमध्ये ९० ला संपतो, ब्रिटनचा ८७.५ ते १०८. म्हणजे मधल्या अडीच मेगाहर्ट्‌झमध्ये जी स्टेशनं सापडतील तेवढीच ऐकायची, नाहीतर सेट बदलायचा. याला कोणताही अर्ज लागत नाही.