कार्लिटोज वे (चित्रपट)

तुरुंगातून सुटून सरळ मार्गाला लागू पाहणाऱ्या गुन्हेगाराची गोष्ट सांगणारा 'कार्लिटोज वे' हा अमेरिकी चित्रपट नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन ब्रायन डी पाल्मा यांचे, पटकथा डेव्हिड केप यांची. तिला आधार एडविन टॉरेस यांच्या 'कार्लिटोज वे' (१९७५) आणि 'आफ्टर अवर्स' (१९७९) या कादंबऱ्यांचा. कथानक मुख्यतः दुसरीतले. पण 'आफ्टर अवर्स' नावाचा मार्टिन स्कोर्सेसी यांचा चित्रपट १९८५ मध्येच येऊन गेल्याने नाव पहिलीचे घेतले. टॉरेस हे न्यू यॉर्कमध्ये न्यायाधीश होते.

काळ १९७५. हेरॉइनचा व्यापारी कार्लिटो ब्रिगांटे (अल पचिनो) याला तीस वर्षांची शिक्षा झालेली असते. फोनवरची पाळत बेकायदा ठरल्याने तो पाचच वर्षांत सुटतो. सुटताना भर कोर्टात तो पारितोषिक मिळाल्यासारखे आभाराचे भाषण ठोकतो आणि त्यात सरकारी वकिलालाही सोडत नाही. स्वप्न साधेच: नाइटक्लब चालवून ७५ हजार डॉलर साठवायचे आणि बहामात मोटारी भाड्याने देण्याच्या धंद्यात भागी घ्यायची.

पैशाच्या हावेपोटी बिघडणारे नायक पडद्यावर पुष्कळ आहेत. कार्लिटोला मारतो तो मिंधेपणा. त्याला सोडवणारा वकील क्लाइनफेल्ड (शॉन पेन) कोकेनच्या आहारी गेलेला, माफियाचे पैसे खाऊन बसलेला. कैदेतल्या माफिया म्होरक्याला होडीतून पळवायला तो कार्लिटोची मदत मागतो. प्रेयसी गेल (पेनेलोप ॲन मिलर) परोपरीने अडवते, तरी उपकाराची फेड म्हणून हा जातो. आणि वकील त्या म्होरक्याला होडीवरच ठार मारतो. उलट बेनी ब्लँको (जॉन लेग्विझामो) या उर्मट पोराला संपवण्याऐवजी कार्लिटो मारहाणीवर सोडून देतो. धंद्याचा एक नियम पाळला, एक मोडला. दोन्ही अंगाशी आले.

सुरुवातीच्या बिलियर्ड्सच्या प्रसंगात डी पाल्मांची हातोटी दिसते. चेंडूंची करामत दाखवण्याच्या मिषाने कार्लिटो खोलीतल्या गुंडांना गुंतवून ठेवतो, आणि मागचे स्वच्छतागृहाचे दार किलकिले होताना त्याला समोरच्याच्या काळ्या चष्म्यात दिसते. मग गोळीबार, काडतुसे संपल्यावर त्याच स्वच्छतागृहात लपून, रिकामे पिस्तूल धरून, 'या आत' अशी बाहेरच्यांना पोकळ धमकी.

शेवटचा पाठलाग वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये चित्रित व्हायचा होता. फेब्रुवारी १९९३ मधील बॉम्बस्फोटामुळे तो ग्रँड सेंट्रल स्थानकात हलवला. तिथल्या सरकत्या जिन्यावर आडवे पडून गोळ्या झाडणारा पचिनो ही चित्रपटाची ओळखच झाली. तो मरणार हे पहिल्याच कृष्णधवल दृश्यात, स्ट्रेचरवर, सांगून टाकलेले असते; तरी पळून जाण्यासाठी मायामीची गाडी त्याला मिळावी असे वाटत राहते.

पेन आणि मिलर या दोघांना गोल्डन ग्लोबची नामांकने मिळाली. फ्रान्सच्या 'काये द्यु सिनेमा' या नियतकालिकाने पुढे १९९० च्या दशकातील सर्वोत्तम चित्रपटांत याची गणना केली. कार्लिटोच्या गुन्हेगारीतील सुरुवातीच्या काळावरचा पूर्वभाग २००५ मध्ये आला. त्यात पचिनो नव्हते.