ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट काढणे

एखाद्या सॉफ्टवेअर प्रकल्पाने कालबाह्य ऑपरेटिंग सिस्टिमवर आपला प्रोग्रॅम चालेल ही हमी मागे घेणे आणि तिच्यासाठी लिहिलेला खास कोड काढून टाकणे, अशी ही दुपदरी प्रक्रिया आहे. जाणते प्रकल्प ही दोन कामे एकदम करत नाहीत. हमी आधी जाते, कोड मागाहून. या नोंदीत मुख्यतः विंडोजच्या जुन्या आवृत्त्या आणि पायथन भाषेचा प्रमुख इंटरप्रिटर (त्या भाषेतला कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सीपायथन यांच्या आधारे तिचे वर्णन केले आहे.

कारणे : जुन्या सिस्टिमसाठीचा कोड किती ओळींचा आहे, याला फारसे महत्त्व नाही. खरा खर्च चाचणीचा असतो. दर बदलानंतर आपोआप चाचण्या घेणाऱ्या सर्व्हरवर विंडोज एक्सपीचे यंत्र जिवंत ठेवणे अवघड होते, आणि नवे कंपायलर (कोडपासून चालवता येणारी फाइल बनवणारी साधने) तिच्यासाठी फाइल बनवेनासे होतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरांत एक्सपीसाठीचा शेवटचा टूलसेट (साधनसंच) व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ च्या काळातला आहे. ज्याची चाचणीच होत नाही, तो सपोर्ट कागदावरचा. तो काढल्याची घोषणा म्हणजे बहुधा आधीच घडून गेलेल्या गोष्टीची कबुली असते.

पायथनचा नियम : पायथनने २००२ मध्ये ‘पेप ११’ या दस्तऐवजात हा व्यवहार लेखी मांडला. एका आवृत्तीत सपोर्ट बंद झाल्याचे जाहीर करायचे आणि त्या सिस्टिमवर बिल्ड करू (म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवू) पाहणाऱ्याला अडवणारा, पण सहज काढता येईल असा एरर संदेश टाकायचा. ज्याला गरज आहे तो संदेश काढून काम चालवू शकतो आणि देखभालीची जबाबदारी घेण्यासाठी पुढेही येऊ शकतो. कोणी आलेच नाही तर पुढच्या आवृत्तीत कोड जातो. ओएस/२, व्हीएमएस आणि विंडोज २००० या जुन्या सिस्टिमांचा सपोर्ट पायथन ३.३ मध्ये संपला व कोड ३.४ मध्ये निघाला.

विंडोजसाठी पायथनचा वाद टाळणारा वेगळा निकष आहे. पायथनची नवी आवृत्ती प्रसिद्ध होताना विंडोजच्या ज्या आवृत्त्यांचा मायक्रोसॉफ्टकडील विस्तारित सपोर्ट चालू असेल, त्या सगळ्यांवर ती चालते, आणि त्या मालिकेच्या दुरुस्ती-आवृत्त्याही पुढे चालत राहतात. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तर पायथन ३.४ त्याच वर्षी १६ मार्चला आले. जेमतेम तीन आठवड्यांच्या फरकाने एक्सपीला आणखी एक मालिका मिळाली. ३.५ मध्ये ती वगळली गेली. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपल्यामुळे तिच्यासाठी ३.८ ही शेवटची मालिका ठरली.

कोड काढण्याचा क्रम : आधी जुन्या सिस्टिमवर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्तीला टॅग (ओळखीची खूण) लावून तिची शाखा, म्हणजे कोडची स्वतंत्र वाट, वेगळी ठेवतात. मग किमान विंडोज आवृत्ती सांगणाऱ्या मॅक्रोचे (कोडमधील नाव दिलेल्या स्थिरांकाचे) मूल्य वाढवतात : एक्सपीसाठी ते सोळाच्या पायात ०५०१ असते, व्हिस्टासाठी ०६००, विंडोज ७ साठी ०६०१. ते वाढवले की हेडर फाइलींत (उपलब्ध फंक्शनांची यादी देणाऱ्या फाइलींत) दडलेली नवी फंक्शने, म्हणजे सिस्टिमने देऊ केलेली तयार कामे, कंपायलरला दिसू लागतात. त्यानंतर जुन्या सिस्टिमसाठी कोडमध्ये ठेवलेल्या पर्यायी वाटांची पाळी येते. कंपाइल करताना तपासल्या जाणाऱ्या अटी ‘युनिफडेफ’सारख्या साधनाने छाटता येतात. प्रोग्रॅम चालू असताना ‘गेटप्रॉकअॅड्रेस’ने फंक्शन शोधणारा आणि न सापडल्यास दुसरी वाट धरणारा कोड मात्र हातानेच शोधावा लागतो.

पायथनमधील घड्याळ हे याचे बोलके उदाहरण आहे. ‘गेटटिककाउंट’ हे फंक्शन मिलिसेकंद ३२ बिटांत मोजते, त्यामुळे ४९.७ दिवसांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६४ बिटांचे फंक्शन व्हिस्टापासून मिळाले. ३.३ व ३.४ मध्ये दोन्ही वाटा होत्या : नवे फंक्शन सापडले तर ते, नाहीतर जुने आणि सोबत ‘किती वेळा शून्यावर आले’ याची वेगळी नोंद. एक्सपी गेल्यावर ती नोंद आणि तिच्या सगळ्या कटकटी एकदम गेल्या. फायदा कधी कधी उशिरा पदरात पडतो. विंडोज ८ पासून मिळणारे अचूक वेळेचे फंक्शन पायथनने ३.१३ मध्ये वापरायला घेतले आणि वेळेची सूक्ष्मता १५.६ मिलिसेकंदांवरून १ मायक्रोसेकंदावर आली. विंडोज ७ चा सपोर्ट त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

जुना कोड काढणे आणि नवे फंक्शन वापरणे हे बदल वेगवेगळ्या कमिटमध्ये (कोडमधील बदलाच्या नोंदीत) ठेवावेत. एकत्र केले तर काही बिघडल्यावर नेमके काय मागे घ्यायचे ते कळत नाही.

कुठे चुकते : सर्वांत फसवी चूक आवृत्तीक्रमांकांची. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ या दोघांचाही अंतर्गत क्रमांक ६.२ आहे. विंडोज ८ चा सपोर्ट जानेवारी २०१६ मध्ये संपला, पण सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालू होता. ‘८ तर कधीच गेली’ म्हणून ६.२ साठीचा कोड काढणारा सर्व्हरवाल्यांना उघड्यावर टाकतो. दुसरे म्हणजे, विंडोज ८.१ पासून ‘गेटव्हर्जनइएक्स’ हे फंक्शन मॅनिफेस्ट (प्रोग्रॅम विंडोजच्या कोणत्या आवृत्त्यांसाठी आहे हे सांगणारी जोडमाहिती) नसलेल्या प्रोग्रॅमला खरा क्रमांक न सांगता ६.२ च सांगते, त्यामुळे इन्स्टॉलरमधील तपासणी चुकू शकते.

ती तपासणी राहून गेली, तर वापरकर्त्याला कोड्यात टाकणारे संदेश दिसतात. एक्झी फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतील (हेडरमधील) किमान सबसिस्टिम क्रमांक, म्हणजे लागणारी किमान विंडोज आवृत्ती, सिस्टिमपेक्षा मोठा असेल तर ‘ही वैध विन३२ फाइल नाही’ असे सांगितले जाते. क्रमांक चालण्याजोगा असला पण एखादे फंक्शन नसले, तर ‘कर्नेल३२’मध्ये (विंडोजच्या मूळ फंक्शनांच्या फाइलीत) अमुक प्रवेशबिंदू सापडला नाही, असा संदेश येतो. तो वाचून लोक विषाणूची शंका घेतात. म्हणून ‘हा प्रोग्रॅम विंडोज १० किंवा पुढील आवृत्तीवर चालतो’ हे वाक्य इन्स्टॉलरनेच दाखवायला हवे.

आपोआप अपडेट होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये धोका आणखी मोठा असतो. अपडेट सर्व्हरने सिस्टिम न पाहता नवी फाइल पाठवली, तर चालता प्रोग्रॅम बंद पडतो आणि मागे फिरायला वाट उरत नाही. त्यामुळे सर्व्हरवरील अट नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी लागू व्हावी लागते. फायरफॉक्सने २०१७ मध्ये एक्सपी व व्हिस्टाच्या वापरकर्त्यांना ५२ क्रमांकाच्या दीर्घकालीन शाखेवर आपोआप वळवले आणि २०१८ च्या मध्यापर्यंत सुरक्षा दुरुस्त्या दिल्या.

मागे राहणारे वापरकर्ते : हे सगळे हौशी नसतात. भारतात अनेक एटीएम एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ च्या परिपत्रकात बँकांना सपोर्ट संपलेल्या सिस्टिम टप्प्याटप्प्याने बदलायला सांगितले : सप्टेंबरपर्यंत किमान २५ टक्के यंत्रे आणि जून २०१९ पर्यंत सगळी. मूळ सपोर्ट संपून तेव्हा पाच वर्षे उलटली होती. मराठी वापरकर्त्यांचा मात्र एक्सपी जाण्यात एक फायदा झाला. तिच्यात देवनागरी जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी प्रादेशिक सेटिंगमधून वेगळ्या फाइली टाकाव्या लागत. व्हिस्टापासून त्या मुळातच असतात.

काढलेला सपोर्ट लगेच निकामी होतोच असे नाही. गो भाषेने १.२० ही विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती असल्याचे आधीच सांगितले होते; तरी सुरुवातीला १.२१ चे प्रोग्रॅम तिथे बऱ्याच अंशी चालत. पुढे यादृच्छिक संख्यांसाठी त्या सिस्टिमवर नसलेले फंक्शन वापरात आले आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच कोसळू लागले. रस्ट भाषेने २०२४ मध्ये १.७८ पासून किमान पातळी विंडोज १० वर नेली, पण विंडोज ७ साठी तिसऱ्या श्रेणीची वेगळी लक्ष्ये (ज्यांच्यासाठी प्रोग्रॅम बनवता येतो अशा सिस्टिम) ठेवली. त्यांच्या चाचण्या प्रकल्प घेत नाही. ती चालवणे गरजू लोकांवर सोपवलेले आहे.

जुनी शेवटची आवृत्ती उतरवून घेण्याची सोय ठेवताना एक अडचण हमखास येते. एक्सपीच्या स्वतःच्या सुरक्षा-संचात टीएलएस (वेबवरील संवाद सुरक्षित ठेवण्याची पद्धत) १.० च्या पुढचे काही नाही, त्यामुळे टीएलएस १.२ मागणारे पान तिच्यावरील इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडतच नाही. फाइल दुसऱ्या संगणकावर घेऊन, तिचा हॅश (फाइल मूळचीच आहे का हे पडताळणारा आकडा) तिथेच जुळवून, पेनड्राइव्हने न्यावी लागते. ही सूचना उतरवण्याच्या पानावर टाकून उपयोग नसतो, कारण ज्याच्यासाठी ती आहे त्याला ते पान दिसत नाही. ती प्रोग्रॅमच्या शेवटच्या चालणाऱ्या आवृत्तीतच दाखवावी.